नावावरचे चाळीस हजार

मुथेऊने कागद टेबलावर ठेवला तो पालथा.

“सुलटा कर,” कावाता म्हणाली.

“मावशी, आधी दार लावू का?”

सगळ्या गावाची मावशी असलेल्या कावाताने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले. वोटे गावच्या शिक्षक पतसंस्थेत तक्रारींच्या टेबलावर तिची उभी हयात गेली होती. कर्ज बुडवणारे तिच्यासमोर पाय पसरून बसत आणि वर चहा मागत. दार लावू का, असे विचारत ती न बुडवणारी माणसे.

“लाव.”

कागद क्रेडिट ब्युरोचा होता. मुथेऊचे पूर्ण नाव, ओळखपत्राचा क्रमांक, जन्मतारीख, सगळे बिनचूक. खाली कर्जांच्या नोंदी. पतसंस्थेचे जुने कर्ज, फेडलेले. फ्रिजचे हप्ते, फेडलेले. तिसरी ओळ तांबड्या अक्षरांत होती. मोबाइलवरून घेतलेले कर्ज, चाळीस हजार शिलिंग, दोन वर्षांत एक शिलिंगही परत नाही.

“हे मी घेतलेलं नाही. आईशप्पथ—” मुथेऊ मध्येच थांबली. तिची आई जाऊन दोन वर्षे झाली होती, पण शपथेची सवय काही सुटत नव्हती.

मुथेऊ सरकारी दवाखान्यात परिचारिका होती, सहा वर्षे कंत्राटावर. आता कुठे कायमची नेमणूक निघाली होती. ब्युरोचा ‘कर्ज थकलेले नाही’ असा दाखला मंगळवारी दुपारपर्यंत दिला नाही, तर जागा पुढच्या बाईला जाणार होती. आज शुक्रवार होता.

“ब्युरोच्या खिडकीतला माणूस मोठ्यानं म्हणाला, ‘बाई, तुम्ही काळ्या यादीत आहात.’ मागं रांगेत आमच्याच वॉर्डातल्या दोघी होत्या. एकीनं माझ्याकडं बघितलं आणि पर्स या काखेतून त्या काखेत घेतली.”

“ती पर्स घेऊन काय करणार होतीस तू?”

मुथेऊला हसू आले नाही. “मी भरून टाकते, मावशी. उसने आणते कुठून तरी.”

“भरलेस म्हणजे कबूल केलंस. नोंद जात नाही त्यानं. ‘बुडवले’ खोडून ‘उशिरा फेडले’ लिहितात, आणि ते शेपूट पुढं कित्येक वर्षं मागं लोंबतं.”

कावाताने कर्ज देणाऱ्या कंपनीला फोन लावला. तिकडचा माणूस विनयशील होता आणि जराही हलणारा नव्हता. ओळखपत्र या बाईंचे आहे. त्यांनी कर्ज घेतले नसेल, तर कोणी घेतले ते सांगा. त्या माणसाने येऊन कबूल करावे, नाहीतर पोलिसांत त्याचे नाव देऊन या. नुसते ‘मी नाही’ सगळेच म्हणतात.

“थोडक्यात, आपल्याला माणूस पाहिजे,” फोन ठेवत कावाता म्हणाली. “कर्ज ज्या नंबरावर दिलंय तो हा. कुणाचा?”

“कधी बघितलेलासुद्धा नाही.”

कावाता स्वतःच्या फोनवर तो नंबर एकेक आकडा दाबू लागली. शेवटचे दोन राहिले असतानाच पडद्यावर नाव उमटले. तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा.

तिच्याच फोनमध्ये, तिनेच लिहिलेले होते: ‘कासिवाचे मयत’.

कासिवा म्हणजे मुथेऊची आई. ती दवाखान्यात वारली तेव्हा बिल भागेपर्यंत देह सोडत नव्हते. मग नेहमीप्रमाणे मयताची समिती बसली, वर्गणीसाठी नवा नंबर घेतला गेला आणि सगळ्या गावाने त्यावर पैसे पाठवले. कावाताने पाचशे पाठवले होते. संध्याकाळच्या बैठकीत एकेक नाव मोठ्याने वाचले जाई. नाव आले की देणाऱ्याने हात वर करायचा, की सगळ्यांची मिळून एक टाळी. पाचशेवाल्याला एक आणि पन्नास हजारवाल्यालाही एकच, असा नियम होता. टाळीचा जोर मात्र रकमेप्रमाणे कमीजास्त होई.

“तो नंबर तुझ्या नावावर होता?”

मुथेऊचा चेहरा उतरला. “बाबांचं ओळखपत्र दवाखान्यानं बिलासाठी अडकवून ठेवलेलं. किवुवामामा समितीचे अध्यक्ष, पण त्यांचं मोम्बासात राहिलं होतं. मी आईची लुगडी आवरत बसले होते. मुसेंबी आला, म्हणाला ओळखपत्र दे. दिलं. कशाला ते विचारलंही नाही.”

“मुसेंबी म्हणजे तुझा चुलतभाऊ. स्टँडवर फोन दुरुस्त करतो तो.”

“तोच. आणि त्यानंच केलंय हे.” मुथेऊचा आवाज चढला. “वाचलेल्या नावांची बेरीज केली, तर फोनवर तीन हजार कमी निघाले होते. फोन सांभाळायला त्याच्याकडे. मामा म्हणत होते, जाऊ दे, मयताच्या घरी वाद नको. पण मी नाही सोडलं. मातीच्या वेळी, सगळ्यांसमोर चोर म्हणाले त्याला. ज्यानं तीन खाल्ले तो चाळीस का नाही खाणार?”

कावाताने तारीख पाहिली. “कर्ज गुरुवारचं आहे. माती शनिवारी झाली. म्हणजे बैठका चालू असताना.”

“पण नव्या नंबरावर इतकं मोठं कर्ज कसं दिलं?”

“या कंपन्या माणूस बघत नाहीत, पोरी. नंबरावरून पैसा किती वाहतो ते बघतात. आठवडाभर सगळं गाव त्या नंबरावर पैसे ओतत होतं. त्यांना वाटलं असेल, कुणी मोठी व्यापारीण दिसते.” ती उठली. “देताना आपलं शुल्क आधीच कापून घेतात ते वेगळंच. कागदावर पूर्ण, हातावर अपुरं. उद्या सकाळी स्टँडवर ये.”

*

मुसेंबीची टपरी पत्र्याची होती. आत एक माणूस बसला की दुसऱ्याने बाहेर उभे राहायचे. दोघींना पाहून त्याने हातातला स्क्रू-ड्रायव्हर ठेवला नाही.

“चोराच्या दुकानात परिचारिकाबाई,” तो म्हणाला. “पर्स सांभाळ, ताई.”

मुथेऊने खाली पाहिले. कालची पर्स तिला आठवली.

कावाता बाहेरच्या बाकड्यावर बसली. “मयताचा फोन कुणाकडं असायचा?”

“माझ्याकडं. घरी वीज नव्हती, इथंच चार्ज करायचो.”

“गुप्त आकडे कुणाला माहीत होते?”

“मला, ताईच्या बाबांना म्हणजे मुलवाकाकांना, आणि किवुवामामांना.”

“मुलवाकाकांना तो फोन चालवता यायचा?”

“काकांना? हिरवं बटन दाबलं की बोलायचं, लाल दाबलं की संपलं, एवढंच येतं.”

“मातीच्या आधीचा गुरुवार आठव. फोन दिवसभर तुझ्याजवळ?”

मुसेंबीने आठवून पाहिले. “नाही. दुपारी मामांनी मागून नेला. म्हणाले, माझ्या फोनची बॅटरी गेलीय, मोम्बासाच्या साहेबांशी पैशाचं बोलायचंय. बैठक झाल्यावर परत दिला.”

“बैठकीत नावं तू वाचायचास?”

“रोज मीच. कुणी पैसे पाठवले की फोनवर नावासकट निरोप यायचा, तो बघून वाचायचो. त्या दिवशी मामांनी स्वतः वाचली. म्हणाले, तू अडखळतोस.”

“अडखळतोस?”

“चर्चमध्ये दर रविवारी बायबल कोण वाचायचं, ते विचारा ताईला.” त्याने एक स्क्रू फिरवला. “आता नाही वाचत. त्या प्रकारानंतर पाद्रीबाबांनी दुसऱ्याला सांगितलं.”

“फोन परत मिळाल्यावर गुरुवारचे निरोप होते त्यात?”

“पुसलेले होते. मामा म्हणाले, फोन भरला होता.”

कावाता बाकड्यावर पुढे सरकली. मग तिने विचारले, “आणि ते तीन हजार?”

स्क्रू-ड्रायव्हर थांबला.

“भरले मी. माती झाल्यावर आठवड्यानं. शेळी विकली आणि मुलवाकाकांच्या हातात आणून दिले.”

“भरलेस?” मुथेऊ एकदम म्हणाली. “मला कुणी बोललं नाही. म्हणजे घेतलेच होतेस तू.”

“न घेता भरले, ताई. रोज कुणी ना कुणी विचारायचं. वाटलं, शेळी गेली तर गेली, विचारणं तरी थांबेल. थांबलं. पण भरले म्हणजे घेतलेच असणार, असं झालं.” त्याने फोनचे झाकण बसवले. “गिऱ्हाईक तुटलं. मी हातात घेतलेला फोन लोक डोळ्यांसमोर दुरुस्त करून मागतात.”

भरलेस म्हणजे कबूल केलंस. कावाताचे कालचेच शब्द होते. मुथेऊला ते आठवले.

“ही आता कागदोपत्री चोर आहे,” कावाता मुसेंबीला म्हणाली. “तुझ्यावर आळ घ्यायला आली होती. येतो आम्ही.”

बाजूला जाऊन तिने पुन्हा कंपनीला फोन लावला. एकच प्रश्न विचारला, उत्तर ऐकले आणि फोन बंद केला. मुथेऊने काय झाले विचारले तर म्हणाली, “आधी तुझ्या बापाकडे जेवू.”

*

म्हातारा मुलवा आंब्याखाली बसून मका आणि घेवड्याचे मुथोकोई खात होता. त्याने दोघींसाठी ताटे वाढायला लावली.

“भावजी, बिल कसं भागलं होतं तेव्हा?” कावाताने सहज विचारावे तसे विचारले.

“किवुवानं भागवलं. भाऊ असावा तर तसा. पहिल्याच बैठकीत उभा राहिला आणि म्हणाला, माझे चाळीस हजार. बायकांनी काय आरोळी दिली! गुरुवारी आले त्याचे पैसे, शुक्रवारी दवाखान्यानं आम्हाला कासिवा दिली. नाहीतर अजून तिथंच असती ती, फळीवर.”

“इतके मोठे आणखी कुणाचे?”

“चर्चच्या मातांचेही चाळीसच होते. पण ते नोटांत. माझ्या हातात मोजून दिले त्यांनी, फोनवर नाही.” म्हाताऱ्याने ताट बाजूला सारले. “अध्यक्ष म्हणून किती धावला बिचारा. मोम्बासाहून रातोरात बसनं आला, वाटेत पोलिसांनी बस तीनदा थांबवून सगळ्यांची ओळखपत्रं तपासली तरी बारा वाजेतो दारात हजर.”

कावाताने हात धुतले. “चल,” ती मुथेऊला म्हणाली. “मामाकडं चहा घेऊ.”

*

किवुवामामाचे घर दगडी होते आणि फाटक लोखंडी. अंगणात ताडपत्रीखाली मोटार उभी होती. मामा शनिवार असूनही कोटात होता. माणूस देखणा, आवाज भारदस्त, चर्चमध्ये पहिल्या ओळीची खुर्ची त्याची. सहा महिन्यांपूर्वी तो मोम्बासातल्या बंदराच्या नोकरीतून निवृत्त होऊन गावी आला, असे सगळे सांगत.

“या, या. गाडी गॅरेजला द्यायचीय, नाहीतर मीच आलो असतो तिकडं.”

ताडपत्रीखालून एक कोंबडी बाहेर आली, तिच्यामागून दुसरी. मामीने चहा आणला आणि जाताना वाकून, नकळत हात गेल्यासारखा, मोटारीच्या पुढच्या आसनावरून दोन अंडी उचलून नेली.

मुथेऊने अहवाल मामाच्या पुढे ठेवला. तो वाचताना त्याच्या चेहऱ्यावर काही हलले नाही, फक्त चहाचा कप बशीवर जरा जोरात टेकला.

“कुठल्या हरामखोरानं केलं हे?” तो म्हणाला. “मुसेंबी. मी तेव्हाच जाऊ दे म्हणायला नको होतं.”

“मीही काल हेच धरून चालले होते,” कावाता म्हणाली. “चोर शोधत होते, म्हणून चुकत होते. चोरी झाली की पैसे जातात. इथं काही गेलंच नव्हतं.”

“म्हणजे?”

“समजा, मुसेंबीनं कर्ज काढलं आणि पैसे उचलले. तर जेवढे आले तेवढेच गेले. गावानं दिलेल्या वर्गणीला धक्का नाही, वाचलेल्या नावांची बेरीज तंतोतंत जुळली असती. पण ती जुळली नाही. तीन हजार कमी पडले. सकाळी मी कंपनीला विचारलं, चाळीस हजारांतले हातावर किती दिले? म्हणाले, सदतीस. तीन हजार शुल्क आधीच कापलं.”

मामीची पावले दारापाशी थांबली.

“तीन आणि तीन. मग मला दिसलं. सदतीस हजार त्या फोनवर आले आणि तिथंच राहिले, बिलात गेले. फक्त कुणीतरी ते वर्गणी म्हणून वाचले, आणि वाचताना चाळीस म्हणून वाचले. तूट तिथं पडली. चाळीसची वर्गणी दोघांचीच. मातांनी नोटा मोजून दिल्या. उरले तुम्ही.”

“माझे पैसे माझ्या फोनवरून पाठवले मी.”

“त्या दिवशी तुमच्या फोनची बॅटरी गेली होती, असं तुम्हीच सांगितलंत. म्हणून तर मयताचा फोन दुपारी मागून नेलात. त्या संध्याकाळी नावं तुम्ही वाचलीत, कारण मुसेंबीनं फोन हातात घेतला असता तर त्याला तुमच्या नावाचा निरोपच सापडला नसता. कर्जाचा सापडला असता. म्हणून निरोप पुसलेत.”

“बाई, तुम्ही माझ्या घरात बसून—”

“अजून एक. अध्यक्ष तुम्ही, पण नंबर तुमच्या नावावर नको होता. ओळखपत्र मोम्बासात राहिलं म्हणालात. वाटेत तीनदा पोलिसांनी ओळखपत्रं तपासली. तुम्हाला कुणी उतरवलं नाही. ते खिशात होतं, मामा. तुमचं स्वतःचं नाव ब्युरोत काळं होतं, नंबर तुमच्या नावावर असता तर कर्जवाल्यांनी थकलेले हप्ते वर्गणीतूनच कापले असते आणि सगळ्यांना कळलं असतं, ही भीती होती. खरं का?”

किवुवाने कप बाजूला ठेवला. कोंबडी पायरी चढून वर आली. त्याने तिला हाकलले नाही.

“नोकरी कधी गेली?” कावाताने जरा हळू विचारले.

“कासिवा गेली त्याच्या आठ महिने आधी.” भारदस्त आवाज कुठल्या कुठे गेला होता. “कोणाला सांगितलं नाही. हिलासुद्धा नाही. सकाळी कोट घालून बंदरावर जायचो आणि भिंतीवर बसायचो. हप्ते थकले. मग बहीण गेली. पहिल्या बैठकीत सगळे माझ्याकडं बघत होते. एकुलता भाऊ, मोम्बासाचा साहेब. तोंडातून चाळीस निघून गेलं. टाळी पडली. पडलेली टाळी परत कशी घेणार?”

“ऋण काढून सण करतात, तुम्ही मयत केलंत.”

“फेडणार होतो. देवाशप्पथ फेडणार होतो. नंबर तिच्या नावावर आहे हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. आलं तेव्हा वाटलं, नवा नंबर, जुना फोन, कोण विचारतंय.”

“ते मी समजू शकते,” कावाता म्हणाली. “लाजेपोटी माणूस कर्ज काढतो, माझ्या टेबलावर रोज बघते. पण तीन हजार कमी निघाले तेव्हा ते कुठं गेले, हे सगळ्या गावात एकट्या तुम्हाला माहीत होतं. ही पोरगी त्याला चोर म्हणत होती, तुम्ही समोर बसला होतात.”

“मी जाऊ दे म्हणालो होतो.”

“हो. जाऊ दे म्हणालात. त्यानं घेतले नाहीत, असं नाही म्हणालात. तुमच्या कर्जाचं शुल्क त्यानं शेळी विकून भरलं.”

दारातून मामीचा हुंदका आला आणि तिने पदर तोंडात धरला.

मुथेऊला राग यायला हवा होता. मघापासून ती त्याची वाट बघत होती. पण आली ती लाज, आणि ती मामाची नव्हती, तिची स्वतःची होती. दोन वर्षे ती या माणसासमोर वाकत आली होती, कारण त्याने आईला सोडवले. आईला सोडवले होते मुथेऊच्याच नावावरच्या कर्जाने. आणि ज्याने खरोखर खिशातून पैसे टाकले, त्याला तिने उघड्या कबरीसमोर चोर म्हटले होते. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

“सोमवारी माझ्याबरोबर कंपनीत यायचं,” ती मामाला म्हणाली. “जे आहे ते सांगायचं.”

“येतो. सही करतो, गाडी विकतो, सगळं करतो.” त्याने हात जोडले. “फक्त चर्चमध्ये नको, बाळा. तिथली खुर्ची तेवढी राहू दे.”

मुथेऊने होकारार्थी मान हलवली. तिला तिथून निघायचे होते, एवढेच.

*

सोमवारी किवुवामामा आला. कंपनीतल्या विनयशील माणसाने त्याचे सगळे ऐकून घेतले, त्याच्या सह्या घेतल्या आणि कर्ज त्याच्या नावावर चढवले. पैसे देणारा माणूस मिळाला म्हटल्यावर त्यांना बाकी कशाशी देणेघेणे नव्हते. मंगळवारी सकाळी ब्युरोचा दाखला निघाला. मुथेऊने तो दवाखान्यात नेऊन दिला आणि पोच घेतली. पर्स सावरणारी बाई तिथेच होती. तिने अभिनंदन केले, आणि आपल्याला कधीच खरे वाटले नव्हते म्हणाली.

मोटार त्याच आठवड्यात गेली. कोंबड्यांना दुसरी जागा शोधावी लागली.

मुथेऊ दाखल्याची एक प्रत घेऊन टपरीवर गेली. मुसेंबीने ती हात पुसून घेतली आणि सगळी वाचली, एकदाही न अडखळता. मग तिने त्याला मामाची हकिगत सांगितली. तो ऐकत राहिला.

“मला माफ कर,” ती म्हणाली.

“बरं झालं तुझं काम झालं.” त्याने कागद परत दिला. “एक सांग, ताई. तुझी चूक दुरुस्त करायला ऑफिस आहे, खिडकी आहे. तू जाऊन भांडलीस, दाखला आणलास. माझा दाखला कुठल्या खिडकीवर मिळतो?”

 ती कागदाची घडी घालत उभी राहिली.

रविवारी चर्चच्या छपरासाठी वर्गणी होती. प्रार्थनेनंतर नावे वाचायला सुरुवात झाली. हात वर होत होते, टाळी पडत होती. पहिल्या ओळीत किवुवामामा कोटात बसला होता. मुलवा त्याच्या शेजारी होता. मुसेंबी शेवटच्या बाकावर, दाराजवळ.

नावे संपली तशी मुथेऊ उठून पुढे गेली. लोकांना वाटले, नोकरी कायम झाली, पेढ्यांऐवजी छपराला पत्रे देते की काय.

“एक नाव वाचायचं राहिलंय,” ती म्हणाली. तिचा आवाज नीट निघेना. “आजच्या वर्गणीतलं नाही. माझ्या आईच्या मयतातलं. मुसेंबी न्झुकी. तीन हजार शिलिंग. शेळी विकून दिले. आम्ही ते चोरीची भरपाई म्हणून घेतले. चोरी झालीच नव्हती. हिशोबातली चूक होती, आणि त्याला चोर मी म्हटलं होतं, याच लोकांसमोर. म्हणून याच लोकांसमोर सांगते. ती माझी चूक होती.”

तिने मामाकडे पाहिले नाही. शब्द दिला होता.

 मागच्या बाकावर मुसेंबीची मान खाली होती आणि हात मांडीवर होते. हात वर झाल्याशिवाय टाळी वाजवायची कशी, हे कोणाला कळेना. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. चूक होती तर कुणाची, असे कोणीतरी पुटपुटले.

मग किवुवामामा उभा राहिला. लोकांनी सवयीने टाळीसाठी हात उचलले. तो उभा राहिला म्हणजे मोठा आकडा येणार, हे ठरलेले होते.

“त्याच मयताच्या नावांतून माझं नाव काढा,” तो म्हणाला. “चाळीस हजार माझे नव्हते. मुथेऊच्या नावावर कर्ज काढलं होतं मी. ते तीन हजार त्यातच गेले. मला माहीत होतं. मी गप्प बसलो.”

तो परत खुर्चीत बसला नाही. भिंतीला टेकून उभा राहिला, कोटाची बटणे चाचपत. म्हातारा मुलवा त्याच्याकडे बघत राहिला, आणि मग त्याने तोंड दोन्ही हातांत लपवले.

खिडकीजवळून कावाताचा कोरडा आवाज आला. “मुथेऊ, नाव परत वाच. मागं ऐकू आलं नाही.”

“मुसेंबी न्झुकी,” मुथेऊ म्हणाली. “तीन हजार.”

सगळे मागे वळले होते. मुसेंबीने बाहीने डोळे पुसले. मग त्याने हात वर केला, पुरता नव्हे, खांद्याच्या जरासा वर.